कात्रीची खाज आणि नवा गुडघा

कुणाच्या आईचा नाहीतर सासूबाईंचा गुडघा बदलायचं ठरलं की हल्ली मला फोन येतो. "ताई, तुम्हाला निकेलची ॲलर्जी आहे ना, मग तुम्ही कसं केलंत?" फोनवर सगळं सांगून होत नाही. अर्धवट सांगितलं तर ऐकणारी एकतर घाबरून ऑपरेशन पुढे ढकलते किंवा पार निर्धास्त होते. दोन्ही वाईट. म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

मी सांगलीत शिवणाचे क्लास घेते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, परकर, सगळं शिकवते. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मशीन चालवतेय आणि त्यातली बरीच वर्षं पायमशीनवर गेली. गुडघा त्यानेच गेला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या मते वय, वजन आणि आईकडून आलेली पायांची ठेवण, या सगळ्याचा त्यात वाटा होता. खाजेचं मूळ मात्र नक्की शिवणातलं आहे.

शिवणाऱ्या बाईच्या हातात दिवसभर धातू असतो. कात्री, टाचण्या, हूक, बॉबिन, सुया. दोन्ही हात कापडात गुंतले की टाचण्या ओठांत धरायच्या, ही सवय तर प्रत्येकीची. या वस्तूंवर जो चकचकीत मुलामा असतो तो बहुतेक वेळा निकेलचा. स्वस्त, कडक आणि लवकर काळा न पडणारा. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, कात्रीचं कडं जिथे घासतं बरोबर तिथे, चट्टा उठायचा. आधी खाज, मग मोहरीएवढे पाण्याचे फोड, मग कातडी जाड होऊन भेगा. डाव्या खांद्यावर पदराची पिन टेकते तिथे एक. खोट्याचं मंगळसूत्र घालून कुठे लग्नाला गेलं की मानेच्या मागे पुरळ. सोन्याचं घातलं की काही नाही. घरात सगळ्यांनी एवढंच धरलं होतं की हिला खोटं सोसत नाही. बायकांच्या अशा तक्रारींकडे नखरा म्हणूनच पाहिलं जातं, आणि याचा मला आजही राग येतो, कारण हीच तक्रार पुढे ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाते.

निकेलची ॲलर्जी ही धातूंच्या ॲलर्जीतली सगळ्यात जास्त आढळणारी. घामात निकेल थोडं थोडं विरघळतं, कातडीत शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याला परकं समजून लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी तोच धातू टेकला की या पेशी जमा होतात. त्याला वेळ लागतो, म्हणून चट्टा लगेच उठत नाही. एक-दोन दिवसांनी उठतो आणि तोवर आपण काय घातलं होतं ते विसरलेले असतो. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. बायकांमध्ये जास्त दिसते, त्याचं मोठं कारण कान टोचणं आणि खोटे दागिने. डेन्मार्कने 1990 मध्येच अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटलेलं चालेल यावर कायद्याने मर्यादा घातली, नंतर युरोपीय संघानेही घातली. त्यानंतर तिथल्या लहान मुलींमध्ये ही ॲलर्जी कमी झाल्याचं दिसलं.

इथे एक प्रश्न हमखास येतो. स्टीलच्या ताटात जेवता, स्टीलच्या पेल्यातून पाणी पिता, मग कातडीला काही होत नाही ते कसं? घरातलं चांगलं स्टील म्हणजे ज्याला अठरा-आठ म्हणतात ते. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. आकड्याने पाहिलं तर भरपूर. पण क्रोमियममुळे स्टीलवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो आणि तो निकेलला सहसा बाहेर पडू देत नाही. कात्रीवरच्या मुलाम्याला असा आडोसा नसतो.

हे मला मिरजेच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच दाखवलं. एका बाटलीत पाण्यासारखं द्रावण होतं, डायमिथिलग्लायॉक्झिम नावाचं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर त्याचे थेंब घेऊन त्यांनी माझ्या कात्रीच्या कड्यावर अर्धा मिनिट घासलं. कापूस गुलाबी झाला, अगदी बाळाच्या झबल्याचा असतो तसा गुलाबी. मग माझ्याच डब्यातला चमचा घासला. कापूस पांढराच. पदराची पिन, गुलाबी. सोन्याची बांगडी, पांढरा. "काकू, धातूत निकेल किती आहे हे विचारू नका. त्यातून किती सुटतं ते विचारा," त्या म्हणाल्या. पुढचं सगळं समजून घ्यायला मला हे एक वाक्य पुरलं. त्या दिवसापासून क्लासमध्ये सगळ्या कात्र्यांच्या मुठींना कापडी पट्टी गुंडाळलेली असते आणि टाचण्या ओठांत धरायला बंदी आहे.

आता गुडघा. गादी झिजली आणि हाडावर हाड घासायला लागलं की मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक थोडं थोडं कापून तिथे नवे भाग बसवतात. मांडीच्या हाडावर येणारं गोलसर टोपण नेहमीच्या गुडघ्यात कोबाल्ट-क्रोमचं असतं. त्यात कोबाल्ट साठ टक्क्यांच्या वर, क्रोमियम अठ्ठावीसच्या आसपास, थोडं मॉलिब्डेनम आणि निकेल जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. खालची बैठक टायटॅनियमच्या मिश्रधातूची किंवा तीही कोबाल्ट-क्रोमचीच. दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती. हे सगळं हाडाला पक्कं धरून ठेवतं ते बोन सिमेंट, म्हणजे एक प्रकारचं ॲक्रिलिक. म्हणजे गुडघ्यात निकेल नावापुरतंच. मोडलेल्या हाडात घालायच्या स्टीलच्या पट्ट्या आणि स्क्रू असतात त्यात ते तेरा-चौदा टक्के असतं. पण गोम अशी की ज्यांना निकेल चालत नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना कोबाल्टही चालत नाही, आणि कोबाल्ट तर त्या टोपणाचा मुख्य धातू.

सर्जनकडे भरायच्या कागदावर ॲलर्जीचा एकच रकाना होता. "औषधांची / अन्नाची." धातूचं नाव नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत मी पेनाने लिहिलं, "कात्री, पिन आणि खोट्या दागिन्यांनी चट्टे उठतात. बरीच वर्षं." सर्जननी ते वाचलं, माझा अंगठा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "आधी पॅच टेस्ट करून या. तारीख नंतर ठरवू." वयाने माझ्या मुलाएवढे असतील. घाई केली नाही, हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. तो रकाना सगळीकडच्या कागदांवर छापलेला असावा असं मला फार वाटतं. एका ओळीचा खर्च आहे.

पॅच टेस्ट हे काम जुनं आहे. योसेफ याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1895 मध्ये ते पहिल्यांदा मांडलं आणि मूळ पद्धत अजून तीच आहे. ज्याचा संशय आहे तो पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात व्हॅसलीनसारख्या मलमात कालवून पाठीवर चिकटवून ठेवायचा आणि कातडी काय सांगते ते बघायचं. माझ्या पाठीवर चिकटपट्टीच्या रांगा लावल्या, त्यावर छोट्या गोल वाट्या, प्रत्येकीत एकेक पदार्थ. निकेल सल्फेट, कोबाल्ट क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट म्हणजे क्रोमियमसाठी, आणि बोन सिमेंटमधले ॲक्रिलिक. बाजूला पेनाने खुणा. ही टेस्ट आपल्याकडे शक्यतो उन्हाळ्यात करत नाहीत, घामाने पट्ट्या सुटतात. मला फेब्रुवारीत बोलावलं होतं. पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम नाही, वाकून झाडू-पोछा नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, कारण त्यांनी उत्तर दबतं.

48 तासांनी पट्ट्या काढतात, जरा वेळ थांबून बघतात आणि 96 तासांनी परत बघतात. धातूंचं उत्तर कधीकधी त्याहूनही उशिरा येतं, म्हणून आठवड्याने पुन्हा बोलावतात. माझी पाठ मला कशी दिसणार? लेकीने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. बाकी सगळ्या खुणा रिकाम्या, नुसती पट्टीची पुसट लाली. निकेलच्या जागी मात्र रुपयाएवढा लाल गोल, उचललेला, वर दाण्यादाण्यासारखे फोड. कोबाल्टच्या जागी त्याहून फिकट, पण हाताला लागणारा. रिपोर्टवर निकेलपुढे अधिकची दोन चिन्हं, कोबाल्टपुढे एक. क्रोमियम आणि सिमेंट काही नाही.

इथपर्यंत सरळ होतं. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. पाठीवर चट्टा उठला म्हणजे गुडघा आतून नाकारला जाईल का?

प्रामाणिक उत्तर असं की बहुतेकांच्या बाबतीत नाही. कातडी आणि सांध्याची आतली जागा एकसारखी वागत नाही. परकं काही आलं की वर्दी देणाऱ्या पेशी कातडीत दाट असतात, सांध्यात तशा नसतात. डेन्मार्कमध्ये सांधे बदललेल्यांची देशभराची नोंद असते आणि पॅच टेस्ट केलेल्यांचीही वेगळी नोंद असते. संशोधकांनी या दोन वह्या एकमेकींना लावून पाहिल्या. आधी खुब्याच्या, मग 2015 मध्ये गुडघ्याच्या. धातूची ॲलर्जी असलेल्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण एकंदरीत जास्त निघालं नाही. ज्यांचा गुडघा एकापेक्षा अधिक वेळा पुन्हा करावा लागला होता, त्या थोड्या लोकांत मात्र धातूची ॲलर्जी जास्त दिसली. पण त्यातही आधी काय, हा पेच आहे. ॲलर्जी होती म्हणून गुडघा बिघडला, की बिघडलेल्या, ढिल्या झालेल्या गुडघ्यातून धातूचे कण सुटत राहिले म्हणून ॲलर्जी जडली? म्हणून बहुतेक तज्ज्ञ म्हणतात की सरसकट सगळ्यांची पॅच टेस्ट करू नका. ज्यांना दागिने, घड्याळाचा पट्टा, कात्री यांनी खरोखर त्रास झालाय त्यांचीच करा.

मला वाटतं यातली मेख लोकांपर्यंत पोचत नाही. एका बाजूला "असलं काही नसतं हो" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला भीती विकणारे. आमच्या ओळखीच्या एका बाईंना एका ठिकाणी सांगितलं गेलं की तुम्ही सोन्याचा गुडघाच घाला, साधा घातला तर ॲलर्जी होऊन काढावा लागेल. त्यांना आयुष्यात कशाची खाज आलेली नाही. मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. त्या सोनेरी गुडघ्यात सोनं नसतं. तो रंग टायटॅनियम नायट्राइड किंवा तशाच एखाद्या संयुगाच्या लेपाचा, काही मायक्रॉन जाडीचा. आत बहुधा तोच कोबाल्ट-क्रोम. लेप कडक असतो, आतल्या धातूचे कण बाहेर पडणं कमी करतो, आणि ज्यांना खरंच ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तो एक रास्त पर्याय आहे. ज्यांना नाही त्यांनी केवळ भीतीपोटी त्याचे जादा पैसे का भरावेत?

दुसरा पर्याय ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा. तो वरून लावलेला लेप नाही. झिर्कोनियमच्या मिश्रधातूला भट्टीत तापवून त्याचाच वरचा थर सिरॅमिक करतात, काळाभोर दिसतो. आत निकेल जवळजवळ नाहीच. टायटॅनियमचं टोपण का नाही, असं मीही विचारलं होतं. टायटॅनियम घासायच्या पृष्ठभागाला नरम पडतं, ओरखडे उठतात, म्हणून ते खालच्या बैठकीला ठीक, वरच्या टोपणाला उघडं वापरत नाहीत. खुब्याच्या सांध्यात हा पेच सोपा सुटतो. टायटॅनियमचा दांडा आणि वाटी, सिरॅमिकचा गोळा, आत पॉलिथिलीन, असं घेतलं की कोबाल्ट टळतं.

पैशांचंही बोलायला हवं. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या नव्या भागांच्या, कमाल किमती बांधून दिल्या. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या गुडघ्याला 54,720 रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूच्या गुडघ्याला 76,600 रुपये, जीएसटी वेगळा. त्याआधी हेच इम्प्लांट दीड-अडीच लाखांना पडत होते. आकडे पुढे बदलत गेले आहेत, तेव्हा तुमच्या वेळचा आकडा विचारून घ्या. बिलात इम्प्लांट वेगळं दाखवायचं, कंपनी आणि बॅच नंबरसकट, हेही त्याच आदेशात होतं. कुणी "पॅकेजमध्ये सगळं आलं" म्हणालं तरी मागा.

माझ्या सर्जननी दोन्ही बाजू समोर ठेवल्या. म्हणाले, "साधा घातला तरी बहुधा काही होणार नाही. पण तुमची कातडी निकेलला आणि कोबाल्टला दोन्हींना बोलतेय, फरक पंचवीस-तीस हजारांचा आहे, आणि उद्या गुडघा जरा सुजला तरी तुमच्या मनात हेच येणार." यांनी आणि मी दोन दिवस विचार केला आणि झिर्कोनियमचा ठरवला. निकेल आणि कोबाल्टची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकीने हेच करावं असं मी सांगत नाही. साधा घालून उत्तम चालणारे पुष्कळ असतात.

टेबलावर जायच्या आधी आणखी एक गोष्ट मी विचारून घेतली आणि ती विचारायची सगळ्यांनी लक्षात ठेवावी. गुडघ्याची जखम हल्ली पुष्कळ ठिकाणी टाक्यांऐवजी स्टेपल मारून बंद करतात. ते स्टेपल स्टीलचे, निकेल असलेले, आणि पंधरा दिवस कातडीतच रुतलेले. इम्प्लांट खास आणि वर स्टेपल साधे, असं व्हायला नको. माझे टाके दोऱ्याचे घातले.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. आठवड्याभराने मात्र जखमेच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे आणि भयंकर खाज. घरात एकदम शांतता. सगळ्यांच्या मनात तेच. मी आरशात नीट पाहिलं. चट्ट्याच्या कडा सरळ होत्या. चारी बाजू फूटपट्टीने आखल्यासारख्या, कोपरे काटकोनात. जखमेच्या लगत, जिथे कापसाची गादी होती, तिथली कातडी स्वच्छ. आयुष्यभर कापडावर खडूने आखत आलेय, तो आकार मला ओळखू आला. तो ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचा होता. आत बसलेल्या सांध्याची रिॲक्शन असा चौकोन कापत नाही. डॉक्टरांनी पट्टी बदलून कागदी टेप लावली, मलम दिलं, बसलं सगळं. चिकटपट्टी, जखम चिकटवायचा सर्जिकल ग्लू, कातडी पुसायचं औषध, यांची ॲलर्जी ऑपरेशननंतर पुष्कळदा दिसते आणि नाव मात्र इम्प्लांटचं घेतलं जातं. तसंच जखमेच्या बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा भाग बधिर राहतो. तिथली बारीक नस कापली जाते म्हणून. त्यालाही घाबरायचं कारण नाही.

आता जाऊबाईंची गोष्ट. त्यांच्या परवानगीने लिहितेय, आणि खरं तर ही पोस्ट लिहायला बसले ती त्यांच्यासाठीच.

त्या इचलकरंजीला असतात. गुडघा माझ्या आधी बदलला होता, दुसऱ्या एका शहरात. टाके निघाले, चालायला लागल्या, पण गुडघा कधी शांत झालाच नाही. हात ठेवला की गरम. संध्याकाळी वाटीच्या वर फुगवटा. रात्री झोपेत दुखायचा, कूस बदलली तरी. व्यायाम कमी पडतो, मन खंबीर नाही, असं ऐकून घेत महिने गेले. दर फॉलोअपला वेदनाशामक गोळ्या आणि मधेमधे अँटिबायोटिकचा कोर्स. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, धातूची ॲलर्जी दिसतेय, इम्प्लांट काढून सोनेरी घालू. घरच्यांनी पैशांची जमवाजमव सुरू केली आणि मला फोन केला, "वहिनी, तुझ्यासारखंच निघालं गं."

मी विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला आयुष्यात कशाने खाज आलीय?" आठवेना. बरोबरच आहे, यात्रेतल्या दहा रुपयांच्या बांगड्यासुद्धा त्या महिनामहिना घालत आल्यात. पॅच टेस्ट केली होती का? नाही. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं? नाही.

गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एकजण पुरता समाधानी नसतो. दुखण्याची कारणं ढीगभर असतात. भाग थोडा तिरपा बसलेला, सांधा ढिला किंवा फार घट्ट, सिमेंट सुटलेलं, वाटी नीट न सरकणारी, कधी तर दुखणं कमरेतून किंवा खुब्यातून उतरलेलं. आणि सगळ्यात आधी बघायचा तो जंतुसंसर्ग. धातूची ॲलर्जी या रांगेत अगदी शेवटी उभी आहे. बाकी सगळं तपासून, काहीच न सापडून, आणि ॲलर्जीचा भक्कम पुरावा असेल तरच तिचं नाव घ्यायचं. तिची म्हणून एक पक्की खूण नाही. सूज, पाणी, आखडणं, हे सगळ्यांतच दिसतं. रक्तातल्या पेशींवर धातू टाकून बघायची एक तपासणी आहे, पण तीही एकट्याने निकाल देऊ शकत नाही.

आम्ही त्यांना दुसऱ्या सर्जनकडे नेलं. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, किंचित वाढलेली, ताप नाही. त्यांनी आधी अँटिबायोटिक बंद ठेवायला लावलं, नाहीतर जंतू दबून राहतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, उगवत नाहीत. मग गुडघ्यातलं पाणी काढलं, पिवळट गढूळ, आणि कल्चर दोन आठवडे ठेवलं. दोन-तीन दिवसांत निगेटिव्ह म्हणून सोडून दिलं नाही. शेवटी उगवलं. कातडीवर एरवी गुपचूप राहणारा, संथ वाढणारा जंतू. तो धातूवर बुळबुळीत थर करून बसतो आणि औषधाला दाद देत नाही.

तेव्हा ॲलर्जी समजून इम्प्लांट एका फटक्यात बदललं असतं तर त्याच जंतूंच्या घरात नवं, महागडं इम्प्लांट जाऊन बसलं असतं. त्यांचे उपचार दोन टप्प्यांत झाले. आधी इम्प्लांट काढून, आत सगळं साफ करून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा. मग कित्येक आठवडे औषधं. रक्ताचे रिपोर्ट शांत झाल्यावर नवा गुडघा, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा. त्या मधल्या काळात जाऊबाईंनी काय सोसलं ते मी पाहिलंय. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नाही, ती बेडपॅन मागताना रडायची. आज चालतात. जिना एकेक पायरी करून चढतात. पण महिने वाया गेले ते गेले.

कुणी मला खुब्याच्या जुन्या प्रकरणाची आठवण करून देतं. डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा 2010 मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो हजारो लोकांना बसवलेला होता आणि महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, त्याचा पाठपुरावा केला होता. पण तिथे गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमचे, धातूवर धातू घासून झिजलेले कण आणि रक्तात चढलेलं कोबाल्ट हा तो घोळ होता. कणांचा मारा इतका की ज्यांना कसलीच ॲलर्जी नव्हती त्यांचेही आतले स्नायू सडले. गुडघ्यात दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिक असतं. तो धाक गुडघ्याला लावू नका.

तर, फोन करणाऱ्या सगळ्यांना. सर्जनकडे जाताना कशाने, कुठे, किती दिवसांनी चट्टा उठतो ते कागदावर लिहून न्या आणि चट्टा उठलेला असेल तेव्हाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दाखवायच्या दिवशी तो नसतो. नखांना ॲक्रिलिक लावून त्रास झाला असेल, मुरमांच्या क्रीमने चेहरा सुजला असेल, तर तेही सांगा. बोन सिमेंटमध्ये त्यातलेच पदार्थ असतात. दाताला धातूची कॅप बसवायची असेल तर दातांच्या डॉक्टरांनाही निकेलचं सांगा, स्वस्त कॅपमध्ये ते भरपूर असतं. ऑपरेशन झालेलं असेल आणि गुडघा गरम, सुजलेला राहत असेल तर कुणी धातूचं नाव घ्यायच्या आधी विचारा की पाणी काढून कल्चर केलं का, आणि किती दिवस ठेवलं.

आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले असतात, त्यांची झेरॉक्स काढून घरी ठेवा. कंपनी, मापं, धातू, बॅच, सगळं त्यावर असतं. जाऊबाईंच्या दुसऱ्या सर्जननी पहिली मागितली ती तीच, आणि ती मिळवायला त्यांच्या मुलाला जुन्या दवाखान्यात किती खेटे घालावे लागले. माझा उजवा गुडघाही आता कुरकुरतोय, दिवाळीनंतर बघू म्हणालेत. पॅच टेस्टबद्दल किंवा टाक्यांबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, मला माहीत असेल ते सांगेन. चालू गोळ्या बंद करायच्या की नाही ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.